बंदुकीचा रवा

शुक्रवारी दुपारी मी आणि माझ्या बायकोनं मिळून रवा भाजला. ते आमचं शेवटचं साधं काम. ती शेगडीपाशी उभी, कढईत उलथणं फिरवत, आणि मी टेबलापाशी चाळणी घेऊन बसलेला. खाली फुकटचा पेपर अंथरलेला. तिनं भाजलेला रवा ओतायचा, मी चाळायचा, जाड कण बाजूला काढायचे. तूप नाही, काही नाही, कोरडाच. गरम होता तरी मी चिमूटभर तोंडात टाकला.

"अहो, बंदुकीचा आहे तो," ती म्हणाली.

"रवाच आहे ना?"

"रवाच आहे. पण उपम्याचा डबा वेगळा, बंदुकीचा वेगळा. कितीदा सांगायचं? पोटात बार उडाला म्हणजे कळेल."

मी आणखी एक चिमूट खाल्ली. तिनं उलथणं उगारलं. मग ती हसली आणि म्हणाली, पाठ दुखतेय, आता तुम्ही हलवा. मी हलवला. एवढंच.

आता बंदुकीचा रवा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

आम्ही मुलाकडे राहतो, इथं परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात. आता मी राहतो. मुलगा इंजिनियर, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेन्डरसनला ऑफिस. सून नर्स. मुलाला इथं आल्यावर एक नाद लागला, जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा. काडतूस नसतं तिला. सहा घरांचं चाक असतं. एकेका घरात आधी काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी, ती दट्ट्यानं दाबून बसवायची, वरून चरबी लावायची आणि मागच्या बाजूला एकेक तांब्याची टोपी. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. क्लब आहे त्यांचा. सगळे कागदावर नेम मारतात.

ही आधी फार चिडली होती. पंचशील घेतलेली बाई. म्हणाली, "सकाळी म्हणायचं जीव मारणार नाही आणि दुपारी बंदूक?"

मुलगा म्हणाला, "आई, कागद फाडतो फक्त."

"कागदच फाडायचा तर हातानं फाड."

पण लायसनसाठी पोलीस घरी येऊन बंदुकीची तिजोरी बघून गेला, जमिनीला बोल्ट मारलेत का ते हलवून बघितलं, हिनं त्याला पोहे खायला घातले, तो दोनदा मागून खाऊन गेला, आणि मग तिचा विरोध मावळला. दारू आणि बंदूक कायम गॅरेजात, कुलपात. घरात यायची परवानगी नाही. घरात यायचं ते फक्त माप.

ते माप म्हणजे बोटाएवढी पितळी नळी, आत सरकणारी दांडी, दांडीवर आकडे. मुलानं आम्हाला त्या टेबलावर बसून सगळं समजावलं होतं, मापात रवा भरून दाखवून. ही दारू तराजूवर मोजत नाहीत, मापानं मोजतात. आणि किती घालायची हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं. त्याची बंदूक पितळी सांगाड्याची. स्टीलच्या बंदुकीला जेवढी चालते तेवढी हिला चालत नाही. पितळ मऊ. एका बारानं काही होत नाही, पण जास्त दारू घातली की दर बाराला ते जरा ताणलं जातं, चाक आणि नळीच्या मधली फट वाढत जाते, आग बाजूनं बाहेर यायला लागते, आणि एक दिवस बंदूक हातात निकामी होते. तेव्हा नुसती बंदूक जाते का आणखी काही, ते नशीब.

म्हणून त्यानं बंदुकीबरोबर आलेली पुस्तिका वाचली, क्लबातल्या जुन्या लोकांना विचारलं, आणि सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली. पंधरा. मग जरासं वाढवायचं, कागद बघायचा, परत जरासं. अठरावर भोकं एकमेकांच्या जवळ पडायला लागली. तो तिथंच थांबला. वीसच्या वर जायचंच नाही, असं पुस्तिकेत लिहिलेलं. आणि दारू फक्त काळी. आजकालच्या काडतुसातली बिनधुराची दारू थोडी जरी घातली तरी तो बाँबच, असं त्यानं दोनदा सांगितलं.

मी हसलो होतो. मी चौथी शिकलेला माणूस. पुण्याजवळच्या दगडखाणीत सुरुंग भरायचो. आमचं माप म्हणजे मूठ. दगड आडमुठा दिसला की दीड मूठ. मी तसं म्हणालो, तर मुलगा म्हणाला, "म्हणूनच तुमच्या मुकादमाला तीन बोटं होती ना?"

ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

रव्याचं कारण असं की अठरा म्हणजे घराच्या अर्ध्याच्या जरा वर. दट्ट्याचा हात तेवढ्या खोल पोचत नाही. मग गोळी वर अडकते आणि तिच्या आणि दारूच्या मधे पोकळी राहते. ती पोकळी फार वाईट, नळी फुगते, फुटतेसुद्धा. गोळी दारूला चिकटून बसली पाहिजे. म्हणून उरलेल्या जागेत काहीतरी निरुपद्रवी भरायचं. क्लबात लोक सेमोलिना घालतात, असं तो म्हणाला.

"म्हणजे रवाच की," ही म्हणाली. "जाड का बारीक?"

त्याला उत्तर येईना. हिनं त्याला विचारून यायला लावलं. तो पुढच्या रविवारी विचारून आला, क्लबभर हसले म्हणे. कसलाही चालतो, फक्त कोरडा पाहिजे.

"कोरडा म्हणजे भाजलेला," ही म्हणाली, आणि ते खातं तिच्याकडे आलं.

दर रविवारी तो निघाला की ती दारात छोटी बाटली घेऊन उभी राहायची. "माप?" तो म्हणायचा, "अठरा." "वर?" "रवा." मग बाटली द्यायची. बेचाळीस-त्रेचाळीसचा बाप्या, पण पाढे म्हटल्यासारखं म्हणायचा. घाईत असला तरी म्हणायचा. एकदा गाडी चालू करून बसला होता तर ही काचेवर टकटक करत गेली होती.

तर शुक्रवारी रवा भाजला. शनिवारी सकाळी ती चहा घेऊन बसली आणि मान टाकली. कप हातातच होता, सांडला सुद्धा नाही नीट. अँब्युलन्सची पोरं आली, फार झटली. डॉक्टर म्हणाले हृदय. मला काय, हृदय का आणखी काय. बाई गेली.

शेजारच्या मनुरेवातल्या हॉलमध्ये पुण्यानुमोदन झालं. सगळे पांढऱ्या कपड्यात. वंदना झाली, लोक चांगलं बोलले, खीर खाल्ली, गेले. मुलगा खुर्च्या उचलत होता. तो रडला नाही. घरी आल्यावर त्यानं फुलं कचऱ्यात नेऊन टाकली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. पुढच्या रविवारी त्यानं तिजोरी उघडली आणि क्लबला गेला. सून म्हणाली जाऊ दे, बाहेर पडतोय ते बरं. मलाही बरंच वाटलं तेव्हा.

मग असेच रविवार गेले. तो जायचा, संध्याकाळी धुराचा वास घेऊन यायचा, बादलीत गरम साबणाचं पाणी घेऊन बंदूक धुवायचा. कोणाशी बोलायचा नाही. मी माझ्या खोलीत. घरात भांड्यांचासुद्धा आवाज व्हायचा नाही, सून इतकी जपून वागायची.

एका दुपारी मला उपमा खावासा वाटला. करता येत नाही, पण म्हटलं बघू. फडताळ उघडलं. उपम्याच्या रव्याचा डबा रिकामा. म्हणून दुसरा उघडला. बंदुकीचा.

तो काठोकाठ भरलेला होता. वरून सारखा केलेला, आणि त्यावर तिच्या बोटांच्या रेघा. ती डबा भरला की असा बोटांनी सारखा करायची. रेघा जशाच्या तशा.

मी झाकण लावलं आणि तिथंच खुर्चीवर बसलो. आधी मला तीच आठवली, दुसरं काही डोक्यात आलं नाही. मग हळूहळू आलं. इतके रविवार हा पोरगा क्लबला जातोय. बाटली कोणी भरलेली नाही. रवा कोणी काढलेला नाही. मग त्या घरांमध्ये दारूच्या वरची जागा कशानं भरतोय?

दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक, काहीच भरत नाही, गोळीखाली पोकळी ठेवतोय. दुसरी, दारूच भरतोय. त्यानंच मला शिकवलेलं हे, त्याच टेबलावर. दोन्हीचा शेवट एकच. उपमा राहिला.

संध्याकाळी सून कपडे घडी करत होती. तिला विचारलं, "ह्याच्या हाताला वगैरे काही लागलंय का इतक्यात?"

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मग ढिगातून एक शर्ट काढून तिनं माझ्यासमोर धरला. उजव्या बाहीच्या टोकाला काळं जळलेलं, रुपयाएवढं भोक.

"मी विचारलं त्यांना," ती म्हणाली. "म्हणाले, वाऱ्यानं ठिणगी आली. बाबा, तुम्ही बोला ना एकदा."

मी गॅरेजात गेलो. तो बादलीशी बसला होता. बंदुकीचे भाग पाण्यात.

"रवा नेत नाहीस?"

"नेतो."

"डबा भरलेला आहे."

तो ब्रश फिरवत राहिला. "फेल्टच्या चकत्या मिळतात बाबा. रव्याऐवजी त्या घालतो आता."

"दाखव."

"काय दाखव?"

"चकत्या दाखव."

"गाडीत आहेत."

"गाडीची किल्ली दे, मी आणतो."

त्यानं ब्रश बादलीत टाकला. पाणी उडालं. "बाबा, तुम्ही मुठीनं सुरुंग भरणारे. तुम्ही मला शिकवणार?"

हेच तो आधी बोलला होता तेव्हा ती ठसका लागेपर्यंत हसली होती. आता तो ते दात आवळून म्हणाला. मी म्हटलं, "बाही कशानं जळली?" त्यानं चाक फडक्यात गुंडाळलं, तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं आणि दिवा घालवून आत गेला. मी अंधारात उभा.

सुनेनं विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मग?"

"मग काही नाही."

"मग परत बोला," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "मी रोज वॉर्डात बघते बाबा, माणसं काय काय होऊन येतात. मला घरात नको ते."

रविवारी सुनेची ड्यूटी होती. मुलगा निघाला तेव्हा मी बूट घालून तयार.

"मी येतो."

"थंडी आहे तिथं."

"जाकीट आहे."

क्लब शहराबाहेर डोंगरात. दोन्ही बाजूंना कुरणं, ओल्या गाई, मग एक खडीचा रस्ता आणि वर लाल झेंडा. झेंडा वर असला म्हणजे बार चालू. तिथला बघणारा, म्हणजे ज्याच्या हुकमाशिवाय कोणी बंदूक उचलायची नाही तो, एक गोरा म्हातारा आहे. माझ्यापेक्षा म्हाताराच, पण मला डॅड म्हणतो. ही गेली तेव्हा त्यानं फुलं पाठवली होती.

"किया ओरा, डॅड," त्यानं इथला नमस्कार केला आणि माझ्या कानावर स्वतःच्या हातानं ती आवाज अडवायची झापडं चढवली. मला मागच्या बाकावर बसवलं. जमिनीवर पिवळी रेघ, तिच्या पुढं जायचं नाही.

मुलानं टेबलावर सामान मांडलं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. माप काढतो का. दारूची कुपी काढली, गोळ्यांची डबी काढली, टोप्या काढल्या. माप काढलं नाही. त्यानं कुपीचं तोंड थेट चाकावर धरलं आणि ओतली. एका घरात, दुसऱ्यात. तसं करायची तिथं मनाई आहे, त्यानंच मला एकदा सांगितलं होतं, आत एखादी ठिणगी राहिलेली असली तर सगळी कुपी हातात पेटते. चकत्या नाहीत, रवा नाही. गोळी ठेवली, दट्ट्या दाबला. दट्ट्या जेमतेम खाली गेला.

मी इकडं तिकडं बघितलं. बघणारा पलीकडच्या टोकाला एका बाईच्या बंदुकीत काहीतरी बघत होता.

हुकूम झाला. बार सुरू झाले. बाकीच्यांचे आवाज वेगळे, याचा वेगळा. माझ्या छातीत बसायचा. पांढरा धूर तोंडासमोर, आणि चाकाच्या बाजूनं पिवळी जीभ बाहेर यायची, हातभर नाही पण वीतभर. दर बाराला. टोपी फुटून खाली पडायची. शेजारचा माणूस थांबला, त्यानं याच्याकडे बघितलं आणि आपलं टेबल पायानं जरा लांब सरकवलं. बोलला काही नाही. इथले लोक बोलत नाहीत पटकन.

सहा झाले. हा परत भरायला लागला.

मी काय विचार केला ते लिहितो. मी त्याच्या घरात राहतो. त्याचं खातो. औषधाला तो नेतो. मी उठून त्या म्हाताऱ्याला सांगितलं, तर सगळ्या क्लबासमोर माझ्या मुलाची मान खाली जाईल, कदाचित लायसन जाईल, आणि ज्या घरात आधीच कोणी बोलत नाही तिथं तो माझ्याशी कायमचा बोलायचा बंद होईल. ही असती तर सरळ पिवळी रेघ ओलांडून त्याचा कान धरला असता. मला तसं जमत नाही. आणि नाही सांगितलं तर? खाणीतला मुकादम फडकं गुंडाळलेला हात वर धरून टेकडी उतरत होता, ते मी बघितलेलं आहे. त्याच्या तोंडावर दुखल्याचं नव्हतं काही. नुसतं आश्चर्य.

शेवटची गोळी दाबून झाली आणि त्यानं चाक फिरवायला घेतलं. फिरेना. एका घरातली गोळी वर राहिली होती, ती नळीला अडत होती. इतकी दारू होती आत. त्यानं परत दट्ट्या मारला, जोर लावून, अंगठा पांढरा होईपर्यंत. मग टोप्या बसवायला लागला.

मी उठलो. रेघेच्या मागून चालत त्या म्हाताऱ्याकडे गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीत मी इंग्रजी मनात जुळवून ठेवलं होतं. सगळं विसरलो. म्हटलं, "माय सन. टू मच पावडर. नो मेजर. स्टॉप हिम. प्लीज."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "शुअर, डॅड?"

"शुअर."

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की झापडं असून मला ऐकू आलं. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या आणि मागं सरकले. मुलगाही सरकला. त्यानं वळून बघितलं तर मी त्या म्हाताऱ्याच्या शेजारी उभा. मुलानं झापडं काढून मानेवर घेतली आणि माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला अजून दिसतं.

म्हाताऱ्यानं आधी टोप्या काढायला लावल्या, एकेक, बंदुकीचं तोंड टेकडीकडे करून. कोणी हलत नव्हतं. टोप्या निघाल्यावर जरा श्वास घेतला लोकांनी. मग चाक वेगळं केलं. एका घराच्या मागचा छोटा स्क्रू त्यानं पान्यानं काढला आणि विचारलं, तुझं माप कुठाय? मुलानं पिशवीच्या तळातून माप काढून दिलं. अठरावरच लावलेलं होतं. म्हाताऱ्यानं काडीनं टोकरत एका घरातली दारू मापात पाडली. माप भरलं. वरून सांडली. टेबलावर ढीग झाला. आणि अजून येतच होती.

म्हाताऱ्यानं खिशातून फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा काढला, चाक परत घालून चाक आणि नळीच्या फटीत एक पत्रा घातला, मग दुसरा जोडून घातला, मग तिसरा. तिन्ही गेले. त्यानं ते मुलाला दाखवले. मुलानं मान हलवली. त्याला सगळं कळत होतं. न कळण्याचा प्रश्नच नव्हता, त्याच्याएवढं कोणाला कळत होतं?

म्हातारा म्हणाला ते मुलानं मला सांगितलं नाही, पण मला समजलं. ही बंदूक आता कारागिराकडे, तो म्हणेल तर परत. आणि तू, मी म्हणेपर्यंत बंद. मग आवाज खाली आणून त्यानं आईबद्दल काहीतरी म्हटलं आणि मुलाच्या दंडावर थाप मारली. मुलानं दंड काढून घेतला.

घरी येताना त्यानं गाडी नीट चालवली. जरा जास्तच नीट. जेवला उभ्यानं, ओट्यापाशी. सून ड्यूटीवरून आली तेव्हा मी माझ्या खोलीत होतो, दार उघडं होतं.

"बाबांनी सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली," तो तिला म्हणाला.

मी आतून म्हटलं, "काढली. बोटं राहिली ना?"

दार आपटल्याचा आवाज आला. सून माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि बाहेर त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. पट्टासुद्धा लावला. घरात तो बोलणार नव्हता. गाडीत ऑफिसपर्यंत कुठं जाईल?

तो आला, दार उघडलं आणि थबकला.

"बाबा, उतरा. उशीर होतोय मला."

"चल मग."

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"तू जाशील तिथं. येताना ट्रेननं येईन."

"तुम्हाला गाडी बदलता येत नाही."

"विचारीन. इंग्रजी येतं मला. काल बघितलंस ना?"

"काल तुम्ही चुगली केलीत."

"इंग्रजीतच केली."

तो बसला. गाडी काढली. मोटरवेला नेहमीची गर्दी, मुंगीच्या पावलानं. मी खिडकीतून बघत होतो. मी ठरवलेलं, आधी बोलायचं नाही. बोलायला आलो होतो आणि बोललो नाही, असा मी. मोठ्या बोगद्यात शिरलो, पिवळे दिवे अंगावरून जायला लागले, तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "मी मोजतच नव्हतो."

"बघितलं मी."

"मोठा बार झाला ना की जरा वेळ डोक्यात काहीच नसतं. एकदम रिकामं. मग परत भरावंसं वाटतं."

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "खाणीत मलापण तसंच व्हायचं," मी म्हटलं. "आवडायचं मला. पण वात पेटवून आम्ही लांब पळायचो रे. तू तर ती हातात धरून उभा राहतोस."

तो हसला का काय केलं ते मला कळलं नाही. नाकातून आवाज आला. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि बोगद्याच्या बाहेर येईपर्यंत तोच आवाज येत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला तेव्हा म्हटलं, "समोर बघ."

"बघतोय."

हेन्डरसन जवळ आल्यावर तो म्हणाला, रात्री क्लबच्या म्हाताऱ्याचा मेसेज आलाय. रविवारी ये, क्लबची स्टीलची बंदूक देतो, माझ्यासमोर पहिल्यापासून भरून दाखव, सगळ्यात कमी मापापासून.

"जाऊ का?"

"मला काय विचारतोस?"

"विचारतोय."

"जा. आणि मी येणार."

"तुम्हाला आता घाबरतात तिथं सगळे."

"घाबरू देत."

त्यानं ऑफिसच्या पुढं जाऊन मला स्टेशनला सोडलं. उशीर झाला होता तरी गाडीतून उतरून फलाटापर्यंत आला, न्यूमार्केटला बदला, डावीकडं जाऊ नका, असं काय काय सांगत राहिला आणि गाडी यायच्या आत निघून गेला. ट्रेनमध्ये मला खिडकी मिळाली. न्यूमार्केटला उतरलो तर सगळे जिने सारखे. कोणता आपला ते कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं आहात?"

"न्यूमार्केट."

"कुठल्या फलाटावर?"

"आकडा दिसत नाही. चष्मा घरी राहिला."

"कोणाला तरी विचारा बाबा. फोन चालू ठेवा, बंद करू नका."

शेजारी एक शाळेतल्या बाईसारखी बाई उभी होती. मी फोन कानालाच ठेवला आणि तिला म्हटलं, "एक्स्क्यूज मी. टाकानिनी?"